तराजूला न कळणारी नक्षी

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आधी आजीचे पायातले चांदीचे तोडे घेऊन मी इतवारीच्या सराफ्यात गेलो. पैशाची निकड होती. दुकानदाराने ते तराजूत टाकले आणि मोडीचा भाव सांगितला. "आणि घडणावळ?" मी विचारले. तो हसला. मी एक तोडा दिला, एक परत आणला.

दुकानदाराचा दोष नाही. मोडीत वजन आणि कस एवढेच पाहतात. चांदीवर २००५ पासून हॉलमार्क मिळतो. तोही कसाचीच ग्वाही देतो. नक्षीची पारख हे टीकेचे काम, आणि दागिन्यावर टीका आपल्याकडे सहसा कोणी लिहीत नाही. त्यातून सोन्याला पायात मज्जाव. चांदीच्या वाट्याला पाय आले, आणि तिकडे वाकून पाहणार कोण?

आपण सरसकट 'कोरीव' म्हणतो, तेही तपासून घ्यावे. कोरणे म्हणजे धारदार कलमाने चांदी उकरून काढणे. पुष्कळ नक्षी मात्र ठोकलेली असते. पत्रा राळेवर बसवून मागून ठोकायचा, उठाव आला की उलटून पुढून बारीक ठशांनी पाने-पाकळ्या उमटवायच्या. यात चांदी कमी होत नाही, फक्त सरकते. ठोकून ती कडक होते, म्हणून पुन्हापुन्हा तापवून मऊ करावी लागते.

तरीही हातचे तेवढे चांगले, हा भाबडेपणा मला मान्य नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीने चांदीच्या पैंजणांवर आपला संसार उभा केला. तिथे घरोघरी हे काम चालत आले आहे. पुढे यंत्रेही आली. साच्यातला माल हलका आणि स्वस्त. बेतास बात घरच्या मुलीच्या पायातही त्यामुळे पैंजण वाजू लागले. त्याला नाक मुरडणे अन्यायाचे होईल. शिवाय साच्यातला एक हरवला, तर हुबेहूब दुसरा मिळतो.

माझ्या तोड्याला जोड मिळणार नाही. त्यावरच्या वेलीत शेवटच्या पाकळीला जागा कमी पडली आहे. कारागिराने ती किंचित वाकवून बसवली. तिथे तो क्षणभर थांबला असेल. आतली बाजूही त्याने गुळगुळीत घासली आहे, घोट्याला टोचू नये आणि लुगड्याचा काठ अडकू नये म्हणून. दागिन्याची खरी परीक्षा इथे होते. काचेच्या कपाटात नाही.

माझ्या एका कादंबरीत नायिकेचे पैंजण दोनदा वाजतात. ते घडवणारा एकदाही येत नाही. तेव्हा माझाही तराजू त्या दुकानातल्यासारखाच होता.

यंदा लक्ष्मीपूजनाला तो एकटा तोडा चौरंगावर ठेवणार आहे. आपल्या घरीही मोडीत निघालेला एखादा डाग असेल, तर वजनाला देण्याआधी एकदा उलटा करून आतून पाहावा, एवढीच विनंती.