रगडा बघणारे

‘द अकॅडमी’ ही मालिका २००७ साली अमेरिकेतल्या फॉक्स रिअ‍ॅलिटी या वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे दाखवण्यासारखा ऐवज मुख्यतः एकच होता : माणसावर ओरडणारा माणूस. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात, म्हणजे काउंटीच्या पोलिसांत, दाखल झालेली ३५५ क्रमांकाची तुकडी, तिला रगडा देणारे, म्हणजे ओरडून घाम काढणारे प्रशिक्षक-उस्ताद आणि एकेक करून गळणारे उमेदवार. बक्षिसाची रक्कम नाही, प्रेक्षकांची मतं नाहीत, परीक्षकांचं पॅनेल नाही. तरी बघणाऱ्यांनी ती स्पर्धा म्हणूनच बघितली. कोण रडणार, कोण पळणार, कोणाला घरी पाठवणार, याचे अंदाज पहिल्या भागापासून बांधले जाऊ लागले. पुढच्या पर्वात ३६८ क्रमांकाची तुकडी आली, तेव्हा ही सवय पक्की झालेली होती.

या प्रेक्षकांत एक मोठा गट खाकी किंवा हिरवी वर्दी कधीतरी अंगावर चढवलेल्यांचा असतो. त्यांचं ठरलेलं म्हणणं असं की हे काहीच नाही, आमच्या वेळी याच्या दुप्पट होतं. कुठल्याही देशातल्या निवृत्त हवालदाराला हा कार्यक्रम दाखवा, हेच ऐकायला मिळेल. दुसरा गट माझ्या दृष्टीने जास्त मजेशीर आहे. आयुष्यात कधी कवायतीच्या मैदानावर पाय न ठेवलेले हे लोक सोफ्यावरून उस्तादांहून कडक होतात. अमकीला एवढंही जमत नसेल तर तिनं नोकरी सोडावी, तमक्याच्या डोळ्यांतच पोलिस नाही, असे निकाल चिप्स खाता खाता दिले जातात. मालिका त्यांना ही मुभा देते, कारण कॅमेरा बहुतेक वेळा ओरडणाऱ्याच्या खांद्यामागून रोखलेला असतो. उमेदवाराचा चेहरा आपण उस्तादाच्या जागेवरून बघतो. तिथे बसवल्यावर दया दाखवणं कठीणच. उरलेले थोडे लोक विचारतात की हे ओरडणं कशासाठी. त्यांना बाकीचे दोन्ही गट मऊ म्हणून मोडीत काढतात.

तिसऱ्या पर्वात मालिकेनं पोलिस सोडले आणि शेजारच्या ऑरेंज काउंटीच्या अग्निशमन दलातलं प्रशिक्षण धरलं. चित्रणाची पद्धत तीच, संपादनाच्या युक्त्या त्याच, आवाजही बऱ्यापैकी चढेच. पण बघणाऱ्याचा पवित्रा पार बदलतो. शिडी उभी करताना तिचा पाया भिंतीच्या फार जवळ ठेवला तर ती मागे कलंडते आणि फार लांब ठेवला तर घसरते, हे कोणालाही समजतं. पाण्यानं भरलेला होज दोघांनी धरूनही मागे रेटतो. पाठीवर श्वसनयंत्र, तोंडावर मुखवटा, समोर काहीच दिसत नाही, अशा अवस्थेत एक हात भिंतीला लावून खोली शोधत जायचं असतं. भिंत सुटली की परतीची वाट सुटली. सिलिंडरमधली हवा संपत आल्याचा इशारा वाजू लागला की उमेदवाराइतकाच प्रेक्षकही घाबरतो. इथला उस्ताद ओरडतो तेव्हा तो कशावर ओरडतो आहे ते पडद्यावर समोर दिसत असतं. त्याच्या रागाला शिडी आहे, होज आहे, धूर आहे.

पोलिसांच्या पर्वांत असं काही हाताशी नसतं. बुटाची चमक, ‘सर’ म्हणायला झालेला उशीर, रांगेत हललेली मान : यावर आकाशपाताळ एक केलं जातं आणि त्यातून रस्त्यावर उपयोगी पडणारं नेमकं काय तयार होतं, ते मालिकेला दाखवता येत नाही. पोलिसाची खरी करामत बोलण्यात असते, थांबण्यात असते, पिस्तूल कधी काढायचं नाही हे ठरवण्यात असते. शिवाय कायद्याचा अभ्यास आणि अहवाल लिहिणं. खटला कोर्टात टिकतो की कोसळतो, हे बऱ्याचदा त्या अहवालावर ठरतं. पण टेबलाशी बसून लिहिणाऱ्या माणसावर कॅमेरा किती वेळ ठेवणार? म्हणून तो सगळा भाग झटपट उरकला जातो आणि पोलिस घडवणं म्हणजे माणसाला आधी मोडणं, अशी प्रेक्षकाची समजूत होते.

ही समजूत त्याच खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं मालिकेच्या तीस-पस्तीस वर्षं आधीच तपासून बघितली होती. हॉवर्ड अर्ल हे लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यातलेच वरिष्ठ. त्यांनी काही उमेदवारांना लष्करी थाटाचं, दडपणाचं प्रशिक्षण दिलं आणि काहींना शिकण्यासारख्या मोकळ्या वातावरणातलं. दोघांचं पुढचं काम ताडून त्यांनी १९७३ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. निष्कर्ष ओरडण्याच्या बाजूचा नव्हता. दडपणाशिवाय शिकलेले लोक कामात सरस ठरले, नोकरीत अधिक समाधानी राहिले, आणि ज्यांच्यासाठी काम करायचं त्या नागरिकांशीही त्यांचं अधिक जमलं. २००७च्या मालिकेत मात्र घशाच्या शिरा पुन्हा ताणलेल्या दिसतात. अर्ल यांच्या मार्गानं शिकवलेला वर्ग टीव्हीवर दोन भागही टिकला नसता, असा माझा अंदाज आहे.

अग्निशमनाच्या बाबतीत प्रेक्षक मऊ होण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्यात संपादकाचं काही श्रेय नाही. आगीचा बंब दारात येऊन उभा राहिला म्हणून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. पोलिसांच्या गाडीबद्दल लॉस एंजेलिसमध्ये तसं म्हणता येत नाही. १९९१ साली रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला शहर पोलिसांनी केलेली मारहाण कोणा हौशी माणसाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपली गेली आणि पुढच्या वर्षी आरोपी पोलिस सुटल्यावर शहर पेटलं. ते खातं वेगळं, शेरीफचं वेगळं. पण वर्दीतल्या माणसाच्या हातात दांडका बघताना ज्याला तो व्हिडिओ आठवतो, त्याची प्रतिक्रिया आणि ज्याला आठवत नाही त्याची प्रतिक्रिया एकाच दृश्यावर निराळी होणार. मालिका हा फरक ओळखतच नाही. तिला सगळे प्रेक्षक भरतीच्या रांगेत उभे असल्यासारखे वाटतात.

आणि भरती हाच तर सौदा असतो. खातं दार उघडतं, वाहिनी फुकटची जाहिरात करते. यात कटकारस्थान काही नाही, उघड व्यवहार आहे. पण याच विषयावर परवानगीच्या चौकटीत किंवा तिच्याबाहेर राहून काय करता येतं, त्याची उदाहरणं आहेत. माहितीपटकार फ्रेडरिक वाइजमन यांनी १९७१च्या ‘बेसिक ट्रेनिंग’मध्ये फोर्ट नॉक्सच्या छावणीतलं लष्करी प्रशिक्षण दाखवलं. निवेदन नाही, मुलाखत नाही, कोणाकडे कसं बघावं याची सूचना नाही. तिथला प्रेक्षक अंदाज बांधत नाही. त्याला ओशाळल्यासारखं होतं. बीबीसीचा पत्रकार मार्क डेली तर ग्रेटर मँचेस्टर पोलिसांत भरती होऊन वॉरिंग्टनजवळच्या ब्रूच इथल्या प्रशिक्षण केंद्रात छुपा कॅमेरा घेऊन राहिला. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘द सीक्रेट पोलिसमन’ हा त्याचा माहितीपट दाखवला गेला, तेव्हा ब्रिटननं वर्गातला पाठ नव्हे तर दिवसाचा वर्ग सुटल्यानंतरच्या गप्पा ऐकल्या. त्यातला वर्णद्वेष इतका उघडा होता की अनेक पोलिसांना राजीनामे द्यावे लागले. संध्याकाळनंतर उमेदवार एकमेकांशी काय बोलतात, हे ‘द अकॅडमी’त कुठे ऐकू येतं?

आपल्याकडे गंमत उलटी आहे. इथे प्रशिक्षणापेक्षा भरतीच बघितली जाते. सोळाशे मीटर धावणं, शंभर मीटर, गोळाफेक यांचे व्हिडिओ गावोगावची पोरं-पोरी पहाटे मैदानावर जाण्याआधी बघतात, आणि तिथे बघणारा स्वतःच उमेदवार असतो. त्याला कोण गळणार याच्या अंदाजात रस नसतो, किती सेकंदांत धावल्यावर किती गुण, एवढंच त्याला हवं असतं. नाशिकच्या पोलिस अकादमीत आत काय शिकवतात, ते बाहेरच्यांना दीक्षान्त संचलनाच्या बातमीपुरतंच दिसतं.

संचलनाशी थांबण्याची खोड लॉस एंजेलिसच्या मालिकेतही आहे. बिल्ला लागतो, आई डोळे पुसते, प्रेक्षक टाळ्या वाजवतो. त्या खात्यातल्या बहुतेक नव्या डेप्युटींची, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांची, पहिली नेमणूक मात्र रस्त्यावर नसते, काउंटीच्या तुरुंगात असते, तीही अनेकदा काही वर्षांची. त्याच तुरुंगांत डेप्युटी कैद्यांना बेदम मारतात, या तक्रारींची एफबीआयनं चौकशी केली. मालिकेच्या काळात शेरीफ असलेले ली बाका यांनी २०१४ साली पद सोडलं, आणि त्या चौकशीत अडथळा आणल्याबद्दल २०१७ साली ते दोषी ठरून त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. पडद्यावर दिसलेल्या कोणा उमेदवाराचं नाव यात ओढायला काही आधार नाही, आणि तसा माझा हेतूही नाही. मुद्दा मालिकेनं निवडलेल्या शेवटाचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या नेटवर्क टेनच्या २००९च्या ‘रिक्रूट्स’नं हा शेवट थोडा पुढे ढकलला. गोलबर्नच्या अकादमीतून निघालेले न्यू साउथ वेल्सचे शिकाऊ कॉन्स्टेबल तिथे रस्त्यावरही दिसतात. दारू प्यायलेल्या माणसाशी काय बोलावं हे न सुचून नवखा पोलिस जुन्या जोडीदाराकडे बघतो, तेव्हा सोफ्यावरच्या उस्तादांनाही चटकन निकाल देता येत नाही. मालिका म्हणून ती काही थोर नाही, खात्याची मर्जी सांभाळणारीच आहे. तरी त्या एका अडखळण्यात पोलिसाच्या कामाबद्दल जेवढं कळतं, तेवढं ३५५ आणि ३६८ या दोन्ही तुकड्यांच्या रगड्यातून मिळून कळत नाही.