खेळाडू आपला, पंचही आपला

डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या उद्योगसमूहातील डीपमाइंड या संस्थेने एक शोधनिबंध प्रसृत केला. तिच्या 'अल्फाझीरो' या प्रणालीला बुद्धिबळाचे केवळ नियम सांगितले होते. स्वतःशीच खेळत चार तासांत ती 'स्टॉकफिश' या अग्रगण्य आज्ञावलीच्या पुढे गेली. (हे चार तास पाच हजार खास प्रक्रियकांचे होते, हे ध्यानात असू द्यावे!) पुढे दोघांत १०० डाव झाले. अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सुटले, एकही हरला नाही.

हा सामना भरवला कोणी? डीपमाइंडनेच. यंत्रे तिची, वेळेचे नियम तिचे, निकालपत्रही तिचेच. शंभरपैकी दहाच डाव प्रसिद्ध केले, तेही सगळे अल्फाझीरोने जिंकलेले. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत फक्त जमलेली निरीक्षणे लिहिली, तर आपण सही करू का?

स्टॉकफिशच्या निर्मात्यांपैकी टॉर्ड रोमस्टाड यांनी काही आक्षेप घेतले. प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट दिले होते. प्रत्यक्षात अवघड जागी जास्त वेळ खर्चायचा आणि सोप्या जागी वाचवायचा, हे स्टॉकफिशचे एक कौशल्यच आहे. ते कौशल्य येथे निरुपयोगी झाले. तपासलेल्या स्थिती साठवायला स्मृती १ जीबी होती, म्हणजे ६४ धाग्यांवर धावणाऱ्या आज्ञावलीला अगदीच तुटपुंजी. शिवाय आवृत्ती वर्षभर जुनी होती. यातून अल्फाझीरो दुबळी ठरत नाही. पण फरक किती, हे त्या सामन्यावरून सांगता येत नाही.

आक्षेपांची दखल घेतली गेली, हे डीपमाइंडच्या श्रेयाचेच म्हणायला हवे. 'सायन्स' नियतकालिकात डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या निबंधात १००० डाव होते. प्रत्येक बाजूला तीन तास आणि चालीमागे १५ सेकंद मिळत होते, स्मृतीही वाढवली होती. निकाल असा: १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. वर्गात गणित करून पाहा. पहिल्या सामन्यात गुण ६४ टक्के, म्हणजे सुमारे १०० ईलो गुणांचा फरक. दुसऱ्यात ५७.४५ टक्के, म्हणजे सुमारे ५२. परिस्थिती बदलताच मोजलेली आघाडी निम्म्यावर आली. मात्र याही वेळी पंच घरचाच होता.

ही गोष्ट नवी नाही. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला 'डीप ब्लू'ने कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच असे हरवले. यंत्र आयबीएमचे आणि सामन्याचा खर्चही आयबीएमचा. कास्पारोव्ह यांनी यंत्राच्या नोंदी मागितल्या. त्या नंतर प्रसिद्ध झाल्या, पण पुन्हा सामना झाला नाही. लबाडीचा पुरावा काही नाही. तरी संशय वर्षानुवर्षे टिकला, तो याच व्यवस्थेमुळे.

याउलट स्वीडनमधील हौशी मंडळी १९८४ पासून आज्ञावल्यांचे आपसांत डाव खेळवून क्रमवारी लावत आली. २०१८ मध्ये अल्फाझीरोच्या धर्तीवर स्वयंसेवकांनी 'लीला' ही खुली आज्ञावली उभारली. टीसीईसी या स्पर्धेत सुरुवातीच्या चाली आयोजक ठरवतात आणि सर्व डाव सर्वांसमोर होतात. तेथे २०१९ मध्ये लीलाने स्टॉकफिशला ५३.५ विरुद्ध ४६.५ असे हरवले. एक खेळत होती ग्राफिक्स कार्डांवर, दुसरी साध्या प्रक्रियकांवर. त्यांची बरोबरी कशी लावायची, हा वाद तटस्थ पंच असूनही मिटला नाही. पण तो सर्व डाव समोर ठेवून घालता आला. अल्फाझीरो त्या पटावर कधी उतरलीच नाही.