तेलासाठीं तलवार

कांहीं पुस्तकें त्यांत सांगितलेल्या गोष्टींपेक्षां गाळलेल्या गोष्टींमुळें अधिक बोधप्रद होतात. कर्मिट रूझवेल्ट यांचें ‘काउंटरकू’ हें १९७९ सालचें पुस्तक आम्ही त्यांपैकींच समजतों. १९५३ च्या ऑगस्टमध्यें इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसद्देक पदच्युत झाले. अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या वतीनें ज्यांनीं त्या कटाचीं सूत्रें हलविलीं, त्यांचीच ही हकीकत आहे. निवेदन चटकदार आहे; लेखकाचें धाडसहि नाकारतां येणार नाहीं. परंतु हकीकत रंगली म्हणून करणी न्याय्य ठरत नाहीं.

लेखकाचा सारा भर इराण साम्यवाद्यांच्या हातीं जाईल या भीतीवर आहे. ती सर्वस्वीं निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. रशियाची सीमा इराणला भिडलेली होती. पण तंट्याचें मूळ तेलांत होतें. १९१४ सालीं चर्चिल आरमारमंत्री असतां ब्रिटिश सरकारनें इराणांतील तेलकंपनीचें निम्म्याहून अधिक भांडवल खरेदी केलें, तें आरमाराला तेलाची ददात पडूं नये म्हणून. १९५१ सालीं इराणनें तो धंदा राष्ट्राच्या मालकीचा केला, तेव्हां आबादानचा प्रचंड कारखाना सैन्य धाडून ताब्यांत घ्यावा असा विचार लंडनमध्यें झाला. अमेरिकेची साथ नाहीं असें पाहून ॲटली यांच्या मंत्रिमंडळानें तो सोडून दिला.

परदेशच्या तेलावर आपल्या गिरण्या व जहाजें चालतात, म्हणून तेथें शस्त्र उचलण्याचा आपणांस अधिकार आहे, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. तेल तुटलें तर गरिबाचीच चूल आधीं विझते. पण १९५१ ते १९५३ या काळांत काय घडलें? बहिष्कारामुळें इराणचें तेल जगाच्या बाजारांतून जवळजवळ नाहींसें झालें. तरी सौदी अरेबिया, कुवेत व इराक येथील उत्पादन वाढवून ती तूट भरून काढण्यांत आली. इराण तर तेल विकावयास उत्सुकच होता. तें जमिनींत ठेवून कोणत्याहि राष्ट्राचें पोट भरत नाहीं. तेव्हां प्रश्न पुरवठ्याचा नव्हता, मालकीचा होता. १९५४ च्या नव्या करारांत जुन्या ब्रिटिश कंपनीला ४० टक्के आणि अमेरिकन कंपन्यांना मिळून ४० टक्के वांटा मिळाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अधिक सांगावयास नको.

शस्त्र कधींच उचलूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. १९९० सालीं इराकनें कुवेत गिळलें, तेव्हां प्रतिकाराला आधार होता तो आक्रमणाचा. कुवेतांत थेंबभर तेल नसतें तरी तो तितकाच बळकट राहिला असता. जी सबब तेल काढून घेतांच लटकी पडते, ती न्यायाची नव्हे.

एक पान मात्र आम्हांस मोलाचें वाटतें. जेथें लोक व सैन्य अनुकूल असतील तेथेंच असला उद्योग करावा, असा इशारा आपण वरिष्ठांस दिला होता, असें लेखक सांगतात. मग इराणच्या लोकांना कोणीं विचारलें होतें? पुस्तक निघालें त्याच वर्षीं शहाची राजवट कोसळली. तिचीं कारणें अनेक होतीं. पण १९५३ चा सल त्यांत होताच. वाचकांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें, मात्र तेलाचा हिशेब हाताशीं ठेवून वाचावें.