उंच घरांचे उतारवय

गेल्या वैशाखात दस्तऐवजाच्या एका कामानिमित्त आम्हांस जोयडा तालुक्यातील बाजारकुणंग येथे जावे लागले. काळी नदीचा उगम ज्या तालुक्यात आहे, तो हा दाट रानाचा मुलूख. मुक्काम एका कुणबी कुटुंबाकडे होता. मृगाला अद्याप महिनाभर अवकाश असूनही घरावर माणसे चढली होती. शेजारची पाचसहा माणसे आपापली कामे टाकून आली होती. कौले उतरवायची, फुटकी निवडून टाकायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा आणि पुन्हा सारे जागच्या जागी बसवायचे, असा उद्योग सकाळपासून चालला होता. आमचे यजमान सत्तरीच्या घरातले. आम्ही मुंबईस बावीस मजल्यांच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहतो, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "वकीलसायबां, तुमच्या त्या ऊंच घराक पावसा आदीं कोण पळयता?"

"सोसायटी," आम्ही उत्तर दिले. सोसायटी म्हणजे कोण, हा त्यांचा पुढचा प्रश्न. आम्ही समिती, सचिव, वार्षिक सभा, असे काहीबाही सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही; आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही.

ग्रंथांची व नाटकांची समीक्षा करणाऱ्या पानांत इमारतींना स्थान कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, एखादा समाज काळाविषयी काय समजतो, हे त्याच्या ग्रंथांइतकेच त्याच्या घरांतही लिहिलेले असते. मुंबईच्या चाळीला तिचा लेखक भेटला. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली, आणि तिच्यामुळे चाळीचे मोडकळीस येणेही मराठी माणसाच्या मनात कायमचे राहिले. उंच इमारतीचे वाङ्मय मात्र आजवर मुख्यतः एकाच प्रकारचे आहे. ते म्हणजे तिचे माहितीपत्रक. गुळगुळीत कागदावरच्या त्या वाङ्मयात पोहण्याचा तलाव असतो, बाग असते, 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा' हा शब्दप्रयोग असतो. तिसाव्या वर्षी गच्चीतून पाणी झिरपेल तेव्हा काय, याविषयी त्यात एक ओळही नसते. ज्या ग्रंथाला केवळ पहिला अध्याय आहे, त्यास समीक्षकाने अपुरा म्हणावे, हे त्याचे कर्तव्यच होय.

तो न लिहिलेला अध्याय कोणता, हे थोडक्यात पाहू. नव्या काँक्रीटमध्ये जी अल्कता असते, ती आतील सळईचे गंजापासून रक्षण करते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरून ही अल्कता कमी करतो. समुद्रकाठी खाऱ्या हवेतील क्लोराइडचे त्यास साहाय्य होते. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा काही पटींनी अधिक जागा मागते, आणि आतून फुगणारी सळई बाहेरचे काँक्रीट फोडून टाकते. लिफ्ट वीसपंचवीस वर्षांत बदलावी लागते. उभ्या नळवाहिन्या, पाणी चढवणारे पंप, आगीच्या वेळी लागणारी यंत्रणा, या सर्वांना स्वतंत्र आयुष्य आहे. कौलारू घरातील कुजलेला वासा पाच शेजारी बदलतात. बाविसाव्या मजल्यावरील बाहेरची भिंत दुरुस्त करावयाची तर सबंध इमारतीस परांची बांधावी लागते. मुंबई महानगरपालिकेच्या अधिनियमातील कलम ३५३ ब ने तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक केली आहे. कायद्याने वय ओळखले, ही चांगली गोष्ट. पण वैद्याने नाडी पाहिली म्हणजे औषधाचा खर्च भागला असे होत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. इमारत व तिचे रहिवासी बहुधा एकदमच म्हातारे होतात. पस्तिसाव्या वर्षी कर्ज काढून घर घेतलेला गृहस्थ सत्तरीस येतो, तेव्हा त्याची इमारत पस्तीस वर्षांची होते. तिचा खर्च वाढतो त्याच सुमारास त्याचे उत्पन्न निवृत्तिवेतनावर येते, मुले परगावी किंवा परदेशी असतात, आणि लिफ्ट बंद पडली की चौदावा मजला ही त्याची कोठडी होते.

मुंबईने हा धडा एकदा गिरवला आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू दयेचा होता, आणि भाडेकरूंना त्याचा आधारही झाला. परंतु घराचे उत्पन्न थांबले तरी घराचे वय थांबले नाही. मालकांनी दुरुस्ती सोडली, वाडे व चाळी कोसळू लागल्या, आणि १९६९ साली शासनास दुरुस्तीसाठी उपकर बसवणारा कायदा करावा लागला. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. एवढे करूनही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे दगावली. तेव्हा दोष केवळ मालकाचा, केवळ भाडेकरूचा किंवा केवळ शासनाचा होता, असे आम्ही म्हणत नाही. घराच्या म्हातारपणाचा खर्च हिशेबात धरलाच नव्हता, हा मूळ दोष होय.

यावर पुढे एक तोड निघाली, आणि ती अनेकांना रामबाण वाटते. तिचे नाव पुनर्विकास. चार मजल्यांच्या जागी पंधरा मजले बांधावयाचे. जुन्या सोळा कुटुंबांना नवी घरे विनामूल्य द्यावयाची. आणि वरचे मजले विकून साऱ्याचा खर्च काढावयाचा. विनामूल्य हा शब्द येथे फसवा आहे. ती घरे फुकट मिळत नाहीत. डोक्यावरची मोकळी जागा विकून त्यांची किंमत चुकवली जाते. परंतु ही जागा एकदाच विकता येते. उद्या चाळीस मजल्यांची इमारत जीर्ण झाली, तर तेथील दीडशे कुटुंबांना फुकट घरे देण्यासाठी किती मजले चढवावे लागतील? त्या भुईवर, त्या रस्त्यावर, त्या नळाच्या पाण्यावर आणखी किती माणसे राहतील? शिवाय जमिनीतील ज्या हिश्शाच्या जोरावर चार मजल्यांचा सभासद वाटाघाटीस बसतो, तो हिस्सा चाळीस मजल्यांत दहाव्या भागाइतकाच उरतो. चाळीचा प्रश्न ज्या किल्लीने सुटला, त्या किल्लीने उंच घराचा प्रश्न सुटणार नाही. आमच्या सर्व म्हणण्याचा गाभा हाच आहे.

मग पैसा कोठून यावा? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत त्यासाठी निक्षेप निधी, म्हणजे आपण ज्यास सिंकिंग फंड म्हणतो तो, सांगितला आहे. जमिनीची किंमत वगळून सदनिकेचा जो बांधकामखर्च, त्याच्या वर्षाला किमान पाव टक्का. दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. आता हिशेब करावा. वर्षास पाव टक्का म्हणजे साठ वर्षांत मूळ खर्चाचे पंधरा टक्के. एखाद्या सदनिकेचा मूळ बांधकामखर्च दहा लाख रुपये धरला, तर साठ वर्षांअंती दीड लाख. त्यावर व्याज मिळते खरे. पण तितक्या काळात सिमेंट, पोलाद व मजुरी यांचे भावही स्वस्थ बसत नाहीत. उपविधीतील दर 'किमान' आहे, सभेने ठरवल्यास तो वाढवता येतो. व्यवहारात मात्र किमान हेच कमाल होऊन बसते.

हे कसे घडते, हे आम्ही जवळून जाणतो, कारण त्यात आमचा हात आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत निवृत्त अभियंता असलेल्या एका सभासदांनी हा निधी चौपट करण्याचा ठराव मांडला. त्यास विरोध करणाऱ्यांत आम्ही अग्रभागी होतो. उपविधी जेवढे मागतो तेवढे आपण देतो, अधिक देण्याचे बंधन नाही, असा आमचा युक्तिवाद. ठराव पडला. चार शेजाऱ्यांनी आमची पाठ थोपटली. ते वृद्ध गृहस्थ कागद गोळा करता करता एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, काँक्रीट उपविधी वाचत नाही." तेव्हा आम्ही हसलो होतो.

ज्याला आम्ही हसलो, त्याची किंमत फ्लोरिडातील सर्फसाइड येथे लोकांनी मोजली. तेथील १९८१ साली बांधलेल्या बारा मजली इमारतीचा मोठा भाग २४ जून २०२१ रोजी पहाटे काही क्षणांत खाली आला. ९८ माणसे मेली. २०१८ साली एका अभियंत्याने काँक्रीटच्या दुरवस्थेविषयी लेखी अहवाल दिला होता. दुरुस्तीचा खर्च कोट्यवधी डॉलरांचा, आणि तो कोणी, किती व केव्हा द्यावा, यावर सदनिकाधारकांचा वाद चालू होता. राखीव निधी न साठवण्याची मुभा सभासदांच्या मतदानाने घेता येत असे. दुर्घटनेनंतर २०२२ साली त्या राज्याने कायदा बदलून जुन्या उंच इमारतींच्या तपासणीची सक्ती केली व ही मुभा आवळली. ते सभासद दुष्ट नव्हते. ते आमच्यासारखेच मासिक खर्चाकडे पाहणारे गृहस्थ होते.

आपल्या लोकांना ही दृष्टी अपरिचित आहे काय? मुळीच नाही. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. देशातील आद्य गृहसंस्थांत तिची गणना होते. तेथील तत्त्व सह-भागीदारीचे होते. वास्तू संस्थेची, आणि सभासद त्या संस्थेचा भाडेकरू. या एका शब्दात पुष्कळ शहाणपण होते. भाडेकरू म्हटला की भाडे आले, आणि भाड्यात वास्तूच्या पुढील वर्षांची तरतूद करता आली. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने ग्राहकास विकासकाच्या लहरीपासून संरक्षण दिले, हे निःसंशय. पण 'मालकी' या शब्दाची लोकांनी अशी समजूत करून घेतली की भिंतीच्या आतले माझे, आणि बाहेरचे कोणाचेच नाही. गच्ची, जिना, खांब व पाया यांस मालक उरला नाही.

याहून जुना दाखला आपल्या देवळांचा आहे. कायद्याच्या दृष्टीने देवता ही स्वतंत्र व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मलिक खटल्यात हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. महाजन, विश्वस्त किंवा शेबाईत हे मालक नव्हेत, ते सांभाळणारे होत. म्हणूनच देवळाच्या वहीत पुढच्या पिढीचा खर्च आजच्या पिढीच्या नावे पडतो, आणि त्यात कोणास अन्याय वाटत नाही. किनारपट्टीच्या कित्येक देवळांत बारा वर्षांनी अष्टबंध किंवा ब्रह्मकलश होतो, त्यानिमित्ताने गाभाऱ्यापासून कळसापर्यंत वास्तू तपासली जाते. जीर्णोद्धार हा शब्दच पाहा. जीर्ण होणे गृहीत धरले आहे. त्याची लाज नाही, आणि त्यावर उपायही त्याच शब्दात आहे. जपानमधील इसे येथील देवस्थान वीस वर्षांनी संपूर्ण नव्याने बांधतात; २०१३ साली ते बासष्टाव्यांदा बांधले गेले. त्याच जपानात सामायिक इमारतींची मोठी दुरुस्तीही साधारण बारा ते पंधरा वर्षांनी योजतात व तिच्यासाठी दरमहा पैसे साठवतात. देवळाचे शहाणपण घरात आणणे अशक्य नाही, हे यावरून दिसते.

आम्ही उंचीचे वैरी नाही. सर्व महानगर कौलारू घरांत पसरू म्हणेल, तर जोयड्यासारखी राने दोन पिढ्यांत संपतील. न्यूयॉर्कची १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत १९३१ पासून उभी आहे. तिला एक सलग मालकी आहे आणि भाड्याचे उत्पन्न आहे. उंच घर म्हातारे होते, यात त्याचा अपराध नाही. त्याच्या म्हातारपणाची तरतूद न करणाऱ्यांचा आहे.

उपाय नवे नाहीत. निधीचा दर मूळ खर्चावर न ठेवता आजच्या बांधकामखर्चावर ठरवावा, आणि दर पाच वर्षांनी तो तपासावा. प्रत्येक उंच इमारतीने बारा वर्षांच्या जीर्णोद्धाराचा लेखी आराखडा करावा. सदनिका विकताना खरेदीदारास संस्थेच्या निधीची शिल्लक व शेवटचा तपासणी अहवाल दाखवणे बंधनकारक असावे; म्हणजे ज्या इमारतीने तरतूद केली, तिला बाजारात त्याचे मोल मिळेल. आणि विकासकाने पहिली ठेव स्वतः भरल्याखेरीज इमारत संस्थेच्या हवाली करू नये. यांतील पहिल्या दोन गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सभेचा ठराव पुरे. निवृत्तांना वाढीव वर्गणी जड जाईल, हा आक्षेप खरा आहे. पण ती आज हप्त्याने जड आहे, उद्या एकरकमी असह्य होईल. आणि ज्यांना ती खरोखरच झेपत नाही, त्यांची थकबाकी सदनिकेच्या पुढील विक्रीतून वळती करण्याची सोय सभेस विचारात घेता येईल.

वार्षिक सभा सप्टेंबरअखेर आहे. ज्या ठरावास आम्ही विरोध केला, तोच ठराव या वेळी आम्ही स्वतः मांडणार आहोत, आणि त्या वृद्ध अभियंत्यांना अनुमोदन देण्याची विनंती केली आहे. "पाहू," एवढेच ते म्हणाले. ठराव संमत होईल, याची खात्री नाही. आमचाच जुना युक्तिवाद आमच्यावर उलटवणारे पुष्कळ आहेत. पण बाजारकुणंगला पुन्हा जाणे झाले आणि आमच्या यजमानांनी तोच प्रश्न विचारला, तर निदान 'सोसायटी' असे उत्तर देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आम्हीच पाहतो, असे म्हणता यावे, एवढी इच्छा आहे.