‘पेमेंट प्रूफ’ हा पुरावा का नाही?



संशोधन पद्धतीच्या पेपरासाठी आपण गृहीतक, चल, नमुना निवड यांच्या व्याख्या पाठ करतो. पण मोबाइलवर ‘घरबसल्या दिवसाला दोन हजार कमवा’ असा मेसेज आला की ती सगळी पद्धत बाजूला राहते आणि आपण मित्राला विचारतो, “पैसे खरंच येतात का रे?” आज मला या प्रश्नावरच टीका करायची आहे. प्रश्न चुकीचा असेल तर त्याचं खरं उत्तर मिळूनही माणूस फसतो.

अशा ऑफर्स ‘खऱ्या की खोट्या’ हे सांगणारे भरपूर व्हिडिओ सापडतात. बहुतेकांची मांडणी सारखीच असते. आधी खात्यात पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट, म्हणजे ‘पेमेंट प्रूफ’. मग कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. मग मोठमोठ्या ग्राहक कंपन्यांची नावं. तीन पुरावे झाले की निष्कर्ष: ऑफर जेन्युइन आहे.

आता हे प्रयोगशाळेच्या नजरेतून बघा. एखाद्या घटकाची चाचणी करताना आपण शेजारी ब्लँक ठेवतो, म्हणजे ज्यात तो घटक नाही अशी नळी. नमुन्याला रंग आला आणि ब्लँकलाही तोच रंग आला, तर त्या रंगावरून काहीच सिद्ध होत नाही. पुराव्याचंही तसंच आहे. ऑफर खरी असती तर काय दिसलं असतं, एवढंच विचारून भागत नाही. ऑफर खोटी असती तर काय दिसलं असतं, हेही विचारावं लागतं. दोन्हीकडे तेच दिसणार असेल तर तो पुरावा बाद.

‘पेमेंट प्रूफ’ नेमकं इथे नापास होतं, कारण फसवी योजनाही सुरुवातीला पैसे देते. तिला द्यावेच लागतात.

यासाठी आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. २०१०-११ मध्ये ‘स्पीक एशिया’ हे नाव महाराष्ट्रासह देशभर गाजत होतं. ११,००० रुपये भरून एका ई-मासिकाचे वर्षभराचे सभासद व्हायचं, दर आठवड्याला दोन ऑनलाइन सर्व्हे भरायचे आणि प्रत्येक सर्व्हेचे ५०० रुपये मिळवायचे, अशी ती योजना. नवीन माणूस आणला की वेगळं कमिशन. सुरुवातीच्या अनेकांना पैसे मिळाले, आणि तेच लोक मग पुढच्यांसाठी चालतेबोलते ‘पेमेंट प्रूफ’ झाले. २०११ मध्ये प्रश्न विचारले जाऊ लागले, खाती गोठली, पैसे थांबले आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं. सुमारे २४ लाख लोक आणि २,२०० कोटींहून जास्त रक्कम यात अडकल्याचं तपासाच्या बातम्यांत आलं.

यात कळायला अवघड काय होतं? साधा गुणाकार करून बघू. आठवड्याला १,००० म्हणजे वर्षाला ५२,००० रुपये. भरले ११,०००. सर्व्हे विकत घेणारा खरा ग्राहक नसेल, तर एका सभासदाचे पैसे द्यायला पावणेपाच नवे सभासद लागतात, तेही कमिशन न धरता. म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख सभासद असतील तर त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी पावणेपाच लाख, मग साधारण २२ लाख, मग १ कोटी, मग ५ कोटी आणि त्यानंतर साडेतेवीस कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. पाच-सहा वर्षांत हा हिशेब दोन महाराष्ट्रांना पुरून उरतो. यासाठी कंपनीचे कागद बघायची गरज नव्हती, वहीचं एक पान पुरलं असतं.

नोंदणीचा पुरावाही ब्लँकसमोर टिकत नाही. स्पीक एशिया सिंगापूरची कंपनी म्हणून ओळखली जायची. २०१७ मध्ये नोएडात उघडकीला आलेलं ‘सोशल ट्रेड’ प्रकरण घ्या. तिथे ५७,५०० रुपयांपर्यंतची पॅकेजेस घेऊन लिंकवर क्लिक करायचं आणि प्रत्येक क्लिकला ५ रुपये मिळायचे. त्यामागे एक रीतसर नोंदणी झालेली खासगी कंपनीच होती. नोंदणी एवढंच सांगते की या नावाची कंपनी अस्तित्वात आहे. तिचा धंदा कशावर चालतो, हे ती सांगत नाही. तिसरा पुरावा मोठ्या ग्राहकांच्या नावांचा. स्पीक एशियाच्या बाबतीत चौकशी सुरू झाल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी ‘आमचा यांच्याशी संबंध नाही’ असं सांगून टाकलं. नाव छापायला परवानगी लागते, पण छापण्यापासून अडवणारं तिथे कोणी नसतं.

मग योग्य प्रश्न कोणता? माझ्या मते हा: माझं हे काम कोणाला हवंय, आणि तो त्यासाठी स्वतःच्या खिशातून एवढे पैसे का देईल?

संशोधनाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न आतून तपासता येतो. सर्व्हे कोणाकडून भरून घ्यायचा हे उद्दिष्टावरून ठरतं. ठिबक सिंचनावर काम करणाऱ्याला ऊस उत्पादक शेतकरी हवा, पुण्यात खोली घेऊन राहणारा परीक्षार्थी चालणार नाही. म्हणून खऱ्या सर्व्हेत आधी चाळणी असते आणि बरेच जण तिथेच गळतात. इथे मात्र ११,००० भरलेला कोणीही वर्षभरात १०४ सर्व्हे भरायला पात्र होता. ओळखीच्या साखळीतून आलेला, कसलीही चाळणी नसलेला असा नमुना तुम्ही प्रबंधात वापरलात तर गाईड पहिल्याच भेटीत परत पाठवतील. त्याच माहितीला कुठली कंपनी माणशी ५०० रुपये कशाला मोजेल?

शिवाय पैशाची दिशा बघा. संशोधक सहभागी व्यक्तीला मानधन देतो, सहभागी व्यक्ती संशोधकाला देत नाही. इथे बाण उलटा होता.

विचित्र म्हणजे खोटं, असंही नाही. एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची त्रुटी शोधून कळवा आणि बक्षीस घ्या, हे ऐकायला सर्व्हेपेक्षाही अजब वाटतं. पण ‘बग बाउंटी’ खरी असते, कारण ती त्रुटी आधी चोराला सापडली तर कंपनीचं मोठं नुकसान होईल. ॲमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’वर २००५ पासून छोटी छोटी कामं मिळतात. तिथे काम देणारा पैसे भरतो, ॲमेझॉनचं शुल्कही त्याच्याच माथी, आणि काम नीट नसेल तर तो ते नाकारू शकतो. दोन्हीकडे एक समान खूण आहे: बहुतेकांना थोडंच मिळतं, काहींना काहीच नाही. खरं काम तुम्हाला नाकारू शकतं. फसवं काम सगळ्यांना पास करतं.

सध्या टेलिग्रामवर चालणारे ‘टास्क’ही याच कसोटीवर लावून बघा. हॉटेलला रेटिंग द्या, पहिल्या दिवशी शंभर-दीडशे रुपये खरंच खात्यात. मग ‘प्रीपेड टास्क’, मग स्क्रीनवर वाढत जाणारा आकडा, आणि तो काढायला गेलं की ‘टॅक्स’ भरा. ते पहिले दीडशे रुपये ही तुमची कमाई नाही, तो त्यांचा खर्च आहे. ते पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाच्या खात्यातून आलेले असतील तर तपासात तुमचंही खातं गोठू शकतं. फेलोशिप थकलेली असताना त्याच खात्यावर मेस आणि खोलीभाडं चालत असेल, तर हा धोका नुसता पुस्तकी राहत नाही.

या कसोटीची मर्यादाही सांगायला हवी. ‘पैसे भरायला सांगितले नाहीत म्हणजे सुरक्षित’ हा निष्कर्ष यातून निघत नाही. ‘फक्त तुमचं बँक खातं वापरायला द्या, कमिशन घ्या’ असं म्हणणारा एक रुपयाही मागत नाही. तिथेही मूळ प्रश्नच विचारा. माझं खातं त्याला का हवंय? स्वतःचं का चालत नाही? उत्तर आपोआप मिळतं.

कोणी आधीच अडकलं असेल तर ‘आणखी एकदा भरून बघतो’ हे थांबवा आणि लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते. लाज वाटून गप्प बसण्यात तेच तास जातात.

आणि पुढच्या वेळी कोणी स्क्रीनशॉट दाखवला, तर एवढंच विचारा: योजना खोटी असती, तर हा स्क्रीनशॉट वेगळा दिसला असता का?