लाल, पिवळा, हिरवा: रिस्क सॉफ्टवेअर निवडण्याच्या संशोधनाचं काय चुकतं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष एका संध्याकाळी उलटा झाला. एक्सेलमधली एक ओळ मी सहज काढून पाहिली आणि दुसऱ्या क्रमांकावरचं सॉफ्टवेअर पहिलं आलं. काढलेली ओळ तिसऱ्या क्रमांकाची होती. म्हणजे पहिल्या दोघांपैकी कोण चांगलं, हे तिसरा शर्यतीत आहे की नाही यावर ठरत होतं. मी तो निष्कर्ष तोपर्यंत एका सहकारी बँकेला तोंडी सांगून बसले होते.

आज हे लिहायचं कारण असं, की अलीकडे माझ्याकडे वाचायला येणाऱ्या सिनॉप्सिसमध्ये हा विषय वारंवार दिसतोय: संस्थेच्या आयटी सुरक्षेसाठी जोखीम व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर कसं निवडावं. विषय चांगला आहे, खरोखर गरजेचा आहे. पद्धत मात्र सगळ्यांची एकच, आणि ती माझीही होती, त्यामुळे टीका करताना मी बाहेर उभी नाही.

ती पद्धत अशी. जुन्या शोधनिबंधांतून आठ-दहा निकष गोळा करायचे: किंमत, वापरायला सोपं, रिपोर्ट चांगले, आयएसओ २७००१ चे टेम्प्लेट, विक्रेत्याचा सपोर्ट, वगैरे. मग पाच-सहा तज्ज्ञांना विचारायचं, 'किमतीपेक्षा सपोर्ट किती पट महत्त्वाचा?' उत्तरं १ ते ९ मध्ये घ्यायची. थॉमस साटी यांची एएचपी लावायची, कन्सिस्टन्सी रेशो ०.१ च्या खाली आला की सुटकेचा नि:श्वास टाकायचा आणि शेवटी यादी: पहिलं, दुसरं, तिसरं. सर खूश, जर्नल खूश.

आता एकेक धागा ओढू. कन्सिस्टन्सी रेशो काय मोजतो? तज्ज्ञाने 'अ हा ब पेक्षा दुप्पट, ब हा क पेक्षा दुप्पट' असं म्हटलं, तर 'अ हा क पेक्षा साधारण चौपट' असंही तो म्हणाला का, एवढंच. म्हणजे माणूस स्वतःच्याच बोलण्याशी किती जुळतो. तो बरोबर बोलतोय का, हे त्यात कुठेच नाही. एखादा माणूस अगदी सुसंगतपणे चुकीचा असू शकतो. आपल्या घरात असे एक-दोन असतातच. तरी प्रबंधांत '०.०७ आला, म्हणून निष्कर्ष विश्वासार्ह' हे वाक्य बिनदिक्कत येतं. माझ्याही आलं होतं.

यापेक्षा गंभीर भानगड म्हणजे क्रम उलटणं. बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्ये दाखवलेलं उदाहरण आहे, ते कागदावर स्वतः करून बघा, दहा मिनिटं लागतील. तीन पर्याय अ, ब, क आणि तीन निकष, तिन्हींना सारखं वजन. पहिल्या निकषावर त्यांचं प्रमाण १, ९, १. दुसऱ्यावर ९, १, १. तिसऱ्यावर ८, ९, १. प्रत्येक निकषावर बेरीज १ होईल असं भागून सरासरी काढली की अ ला ०.४५, ब ला ०.४७, क ला ०.०८ मिळतात. ब जिंकला. आता ड नावाचा चौथा पर्याय आणा, जो ब ची हुबेहूब नक्कल आहे. पुन्हा गणित करा: अ ०.३७, ब ०.२९, क ०.०६, ड ०.२९. आता अ जिंकला! ब मध्ये काहीही बिघडलेलं नाही, त्याचा फक्त जुळा भाऊ आला.

असं का होतं? प्रत्येक निकषाचे गुण म्हणजे एक भाकरी, आणि ती हजर असलेल्या सगळ्यांत वाटली जाते. ब जिथे तगडा होता, तिथे नकलेने त्याच्या ताटातलं अर्धं नेलं. अ चा जोर दुसऱ्याच भाकरीवर होता, तिथे त्याचं फारसं नुकसान झालं नाही.

तुम्ही म्हणाल, हुबेहूब नक्कल कोण यादीत घालतं? मी घातली होती. एकाच उत्पादनाची बँकेच्या सर्व्हरवर चालणारी आवृत्ती आणि क्लाउडवरची आवृत्ती मी दोन वेगळे पर्याय म्हणून लिहिल्या होत्या. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात त्या वेगळ्या होत्या, म्हणून माझ्या टेबलमध्येही वेगळ्या झाल्या. त्या संध्याकाळी मी काढली ती हीच क्लाउडची ओळ.

एएचपीवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. बेरजेने भागण्याऐवजी प्रत्येक निकषावरच्या सगळ्यात मोठ्या आकड्याने भागलं, तर नक्कल आल्याने क्रम बदलत नाही. वरच्याच उदाहरणात ब पुढे राहतो, ड असो वा नसो. याला आयडिअल मोड म्हणतात. तेव्हा पद्धत टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं असं की कोणता मोड वापरला हे प्रबंधात लिहिलेलंच नसतं, कारण नेटवरून घेतलेल्या एक्सेलच्या साच्यात जो होता तो वापरलेला असतो. व्हायवात हा प्रश्न आला तर काय सांगणार?

पण समजा हे सगळं नीट केलं. तरी माझ्या मते मुख्य दुखणं वेगळंच आहे, आणि ते निकषांच्या यादीत आहे. ती आठ-दहा नावं पुन्हा वाचा. किंमत, सपोर्ट, रिपोर्ट... 'हे सॉफ्टवेअर ज्या धोक्याला मोठा म्हणतं, तो खरंच मोठा असतो का?' हा निकष कुठे आहे? थर्मामीटर निवडायचा आणि रंग, किंमत, पकड बघायची, तापमान बरोबर दाखवतो का ते मात्र विचारायचं नाही, असा हा प्रकार.

आणि विचारावं असं कारण भरपूर आहे. या जातीच्या पुष्कळ सॉफ्टवेअरच्या पोटात पाच बाय पाचचा चौकोन असतो. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, दोन्हींचा गुणाकार, आणि वर लाल-पिवळा-हिरवा रंग. बँकेतल्या आयटीच्या साहेबांनी डेमो संपल्यावर मला विचारलं, "मॅडम, हा लाल म्हणजे नेमके किती पैसे?" विक्रेत्याचा माणूस हसला. मीही हसले. उत्तर दोघांकडेही नव्हतं.

आता पैसे घालूनच बघू. शक्यतेचे पाच समान टप्पे धरा: ३ म्हणजे वर्षभरात ४० ते ६० टक्के. परिणामात ३ म्हणजे १ ते १० लाख, ४ म्हणजे १० लाख ते १ कोटी, ५ म्हणजे १ कोटीच्या वर. एका धोक्याची शक्यता ४१ टक्के, नुकसान ११ लाख. सरासरी अपेक्षित नुकसान साधारण साडेचार लाख. दुसऱ्याची शक्यता ५९ टक्के, नुकसान ९५ लाख. अपेक्षित नुकसान ५६ लाख. दोघांचाही गुणाकार ३ गुणिले ४, म्हणजे १२. बारा पटींचा फरक एका घरात गडप.

पुढे बघा. शक्यता ४ आणि परिणाम ३, गुणाकार पुन्हा १२, पण ७९ टक्के आणि ९ लाख ९० हजार धरले तरी अपेक्षित नुकसान आठ लाखांच्या आतच. आणि शक्यता १, परिणाम ५: गुण फक्त ५, रंग हिरवा. त्यात १५ टक्के शक्यता आणि ५ कोटींचं नुकसान घाला, अपेक्षित नुकसान ७५ लाख. म्हणजे हिरव्यातला धोका वरच्या १२ गुणांच्या धोक्याच्या नऊपटीहून मोठा, आणि सॉफ्टवेअर सांगतंय आधी तो १२ वाला मिटवा.

टोनी कॉक्स यांनी २००८ मध्ये 'रिस्क अॅनालिसिस' या जर्नलमध्ये हेच गणिताने मांडलं. त्यांचा सगळ्यात बोचरा मुद्दा असा: जिथे वारंवार घडणाऱ्या गोष्टी लहान आणि क्वचित घडणाऱ्या मोठ्या असतात, तिथे असा चौकोन चिठ्ठ्या टाकण्यापेक्षाही वाईट निर्णय देऊ शकतो. आयटी सुरक्षा बरीचशी अशीच आहे. व्हायरसवाले मेल रोज येतात, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत झालं तसं कधीतरीच होतं. तिथे एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी खोटी मंजुरी देणारी यंत्रणा उभी केली, बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले, दोन दिवसांनी स्विफ्टमधून रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. पाच बाय पाचच्या चौकोनात असा धोका 'शक्यता १' मध्ये बसतो.

हे फक्त विक्रेत्यांचं पाप नाही. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या ८००-३० या मार्गदर्शिकेच्या २०१२ च्या आवृत्तीत शंभरपैकी ० ते ४ अगदी कमी, ५ ते २० कमी, २१ ते ७९ मध्यम, ८० ते ९५ जास्त, आणि त्यावर अगदी जास्त, असे टप्पे परिशिष्टात दिलेत. मधला टप्पा किती रुंद आहे बघा. घाईत भरलेल्या रिस्क रजिस्टरमध्ये बहुतेक ओळी 'मध्यम' का असतात, हे मला ते पान वाचल्यावर कळलं.

मग बँका हे घेतात कशाला? ऑडिटसाठी. आणि यात तुच्छतेनं बघण्यासारखं काही नाही. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली, डिसेंबर २०१९ मध्ये ती चार स्तरांची केली. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. कोणी काय केलं, कधी केलं, सही कोणाची, हे एका जागी ठेवायला सॉफ्टवेअर लागतंच, शेअर केलेली एक्सेल पुरत नाही. तेवढ्यासाठी निवडायचं असेल तर सरळ तसं म्हणा, शीर्षकात 'नोंदी आणि अनुपालन' लिहा. माझा आक्षेप आहे तो नोंदवहीला मोजपट्टी म्हणण्याला.

दुसऱ्या टोकाला फेअर पद्धतीचे भक्त आहेत. जॅक जोन्स यांची ही पद्धत, पुढे द ओपन ग्रुपने तिचं मानक केलं. घटना वर्षात किती वेळा आणि दर वेळी किती रुपये, दोन्हींचे पल्ले घ्यायचे, मॉन्टे कार्लोने हजारो वेळा फासे टाकायचे, आणि 'वर्षाला १ कोटीच्या वर नुकसान होण्याची शक्यता अमुक टक्के' असं उत्तर मिळवायचं. साहेबांच्या प्रश्नाला निदान रुपयांत उत्तर तरी मिळतं. पण पल्ले येतात कुठून? पुन्हा त्याच पाच-सहा तज्ज्ञांकडून. अंदाज गचाळ असेल तर दशांशचिन्हानंतरचे दोन आकडे त्याला फक्त इस्त्री करतात.

म्हणून मी आता प्रकरण वेगळ्या प्रश्नावर उभं करतेय: अंदाज तपासता येतात का? हवामानवाले ग्लेन ब्रायर यांच्या १९५० च्या मापाने हे करतात. घटना घडेल याची शक्यता ०.७ सांगितली आणि ती घडली, तर फरक ०.३, वर्ग ०.०९. नाही घडली तर ०.४९. सगळ्या अंदाजांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं चांगलं. डोळे मिटून नेहमी ०.५ म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात, तेव्हा निदान त्याच्या खाली तरी यायला हवं. 'मध्यम' या शब्दाला हे माप लावताच येत नाही, आणि इथेच त्या चौकोनाचं पितळ उघडं पडतं.

अर्थात ९४ कोटींची घटना दोन वर्षांच्या फील्डवर्कमध्ये घडून माझा अंदाज तपासला जाणार नाही, आणि घडू नये. म्हणून प्रश्न लहान घेतलेत: पुढच्या तीन महिन्यांत नकली फिशिंग मेलवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त कर्मचारी क्लिक करतील का, तातडीचा पॅच ३० दिवसांत सगळ्या शाखांत लागेल का. लहान प्रश्नांवर चांगला ठरलेला माणूस मोठ्या, दुर्मीळ घटनेवरही चांगला ठरेल असं नाही. ही मर्यादा मी पहिल्याच पानावर लिहिलीय, कारण ती कोणीतरी दाखवण्याआधी मीच दाखवलेली बरी.

सरांना हे सगळं सांगायला गेले तेव्हा भीती होती. ते म्हणाले, "जुनं टेबल काढू नकोस. दोन्ही टेबलं शेजारी शेजारी ठेव, ओळ काढण्याआधीचं आणि नंतरचं." तसं ठेवलंय. बँकेच्या साहेबांना फोन करून सांगितलं की आधी दिलेला क्रम धरू नका. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं झालं, ऑर्डर अजून गेली नाही." फिशिंगची पहिली फेरी पुढच्या सोमवारी आहे, आणि त्यांनी स्वतःचा अंदाज पाकिटात घालून माझ्याकडे दिलाय.