संगणकयुगाचे बखरकार

२०११ च्या ऑक्टोबरात संगणकविश्वातील दोन पुरुषांच्या निधनाच्या वार्ता सुमारे आठवड्याच्या अंतराने आल्या. पहिला स्टीव्ह जॉब्स. त्याच्या मृत्यूला तीन आठवडे उलटण्याच्या आतच वॉल्टर आयझॅकसन यांनी लिहिलेले त्याचे जाडजूड चरित्र बाजारात आले आणि हातोहात खपले. दुसरा डेनिस रिची. 'सी' ही संगणकभाषा ज्याने घडविली, केन टॉम्पसनच्या जोडीने 'युनिक्स' ही कार्यप्रणाली ज्याने उभी केली, आणि जॉब्सच्या कंपनीचे संगणक व फोन ज्या पायावर चालत होते तो पाया ज्याच्या हातचा, त्याची बोळवण मात्र बहुतेक वर्तमानपत्रांनी चार ओळींच्या मृत्युलेखावर केली. तंत्रज्ञान आणि त्यामागील माणसे यांवरील गेल्या चार-पाच दशकांतील वाङ्मय वाचताना हा भेद पदोपदी जाणवतो: या वाङ्मयाचा मोठा भाग अद्यापि बखरीच्या वळणाने चालला आहे. मध्यभागी धनी, भोवती दरबार, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नोंद झालीच तर यादीपुरती.

आयझॅकसन यांच्यावर खुशामतीचा आरोप करता येणार नाही. जॉब्सच्या सुमारे चाळीस मुलाखती घेऊनही त्याचा उद्दामपणा आणि पोटच्या मुलीला नाकारण्याइतका त्याचा कठोरपणा त्यांनी झाकून ठेवला नाही. उणीव आहे ती त्यांनी निवडलेल्या बैठकीची, कारण धन्याच्या शेजारी बसून जे दिसते ते धन्याच्याच उंचीवरून दिसते. २०२३ साली त्यांचे इलॉन मस्कचे चरित्र निघाले, तेव्हा क्रिमियाजवळच्या उपग्रहसेवेविषयीचा त्यातील मजकूर प्रकाशनाच्या सुमारासच त्यांना दुरुस्त करावा लागला. त्याच वर्षी मायकेल लुईस यांचे आभासी चलनाचा व्यापार करणाऱ्या सॅम बँकमन-फ्रीडवरील पुस्तक नेमके त्याचा खटला उभा राहिला त्या दिवशी प्रसिद्ध झाले, आणि फिर्यादी पक्ष न्यायालयात जे मांडत होता त्यापुढे लेखकाची सहानुभूती फार भाबडी वाटू लागली. उलट जॉन कॅरीरू यांनी 'बॅड ब्लड' (२०१८) लिहिताना थेरॅनॉस या रक्तचाचणी कंपनीच्या दरबारात पाऊलच टाकले नाही. प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासणाऱ्या, नोकरी सोडलेल्या, वकिलांच्या धमक्यांनी धास्तावलेल्या माणसांच्या जबान्या त्यांनी एकेक करून गोळा केल्या, आणि म्हणून त्यांना जे दिसले ते कंपनीच्या संचालक मंडळावरील मातब्बर मुत्सद्द्यांनाही दिसले नव्हते.

परंतु या कलेचा खरा मानदंड फार आधी, १९८१ मध्येच, निर्माण झाला आहे. ट्रेसी किडर यांचे 'द सोल ऑफ अ न्यू मशीन' हे पुस्तक मॅसॅच्युसेट्समधील 'डेटा जनरल' या कंपनीच्या तळघरात एक नवा संगणक तयार करणाऱ्या तरुण अभियंत्यांचे आहे. जुन्या सोळा-बिटी यंत्रांचे प्रोग्रॅम नव्या बत्तीस-बिटी यंत्रावर जसेच्या तसे चालले पाहिजेत, आणि तेही यंत्राला जुन्या व नव्या पद्धतींत आलटूनपालटून नेणारी 'मोड बिट' नावाची सोयीची पळवाट न वापरता, असा वरून हुकूम. या रूक्ष अटीतून किडर नाट्य उभे करतात, आणि त्यासाठी एकही तांत्रिक तपशील पातळ करीत नाहीत. गटाचा प्रमुख टॉम वेस्ट प्रतिस्पर्धी कंपनीचा 'व्हॅक्स' संगणक दुसऱ्याच कोणाच्या कचेरीत गुपचूप उघडून पाहतो, एकेक सर्किट-पाटी बाहेर काढून तीवरील चिपा मोजतो, खर्चाचा अदमास बांधतो आणि त्या गुंतागुंतीच्या रचनेत त्याला त्या कंपनीच्या सावध, श्रेणीबद्ध कारभाराचे प्रतिबिंब दिसते, हा प्रसंग मी पुनःपुन्हा वाचला आहे. यंत्र हा माणसांच्या संघटनेचाच दस्तऐवज असतो, हे सांगण्यासाठी येथे प्रवचनाची गरजच उरत नाही. पुस्तकाला १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तथापि त्याचे अनुकरण करणारे विरळाच निघाले, कारण महिनोन्महिने तळघरात बसण्याची चिकाटी लेखकांजवळ नाही आणि तशी मुभा देण्याची उदारता आताच्या कंपन्यांजवळ नाही.

ब्रायन कर्निघन यांनी २०१९ साली स्वतःच प्रसिद्ध केलेला युनिक्सचा इतिहास वेगळ्या जातीचा. युनिक्स जिथे घडले ती बेल प्रयोगशाळेतील खोली, तेथील थट्टामस्करी, आणि कोणी कोणास काय करावे हे न सांगण्याची तेथील रीत यांचे हे घरच्या माणसाने केलेले निवेदन किंचित विस्कळीत असले तरी अतिशय विश्वसनीय आहे. १९६९ मध्ये टॉम्पसनने एक आठवडा एडिटरला, एक असेंब्लरला आणि एक मूळ प्रणालीच्या गाभ्याला देऊन तीन आठवड्यांत युनिक्सचा पहिला आकार उभा केला, ही हकीकत संगणकाच्या जगात सर्वश्रुत आहे. ते तीन आठवडे मोकळे मिळाले ते पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन कॅलिफोर्नियास सासरी गेल्यामुळे, हे मात्र लोक कौतुकाने सांगून पुढे सरकतात. त्या मुलाला सांभाळण्याचे तीन आठवडे कोणाच्या खाती मांडावयाचे, हा प्रश्न खतावणीत येतच नाही. तो प्रश्न उशिरा का होईना, कॅथी क्लायमन यांच्या 'प्रूव्हिंग ग्राउंड' (२०२२) सारख्या पुस्तकांनी ऐरणीवर आणला आहे. एनिॲक या आरंभीच्या संगणकाचे प्रोग्रॅम रचणाऱ्या सहा स्त्रिया छायाचित्रांत यंत्रापाशी उभ्या दिसतात. त्या कोण, असे क्लायमन यांनी विद्यार्थिदशेत विचारले तेव्हा त्या शोभेसाठी उभ्या केलेल्या मॉडेल असाव्यात असे उत्तर त्यांना मिळाले होते.

मराठीचे काय? अच्युत गोडबोले यांच्यासारख्या लेखकांनी संगणकशास्त्र सुबोध मराठीत आणण्याचे मोठे कार्य केले आहे, आणि 'मुसाफिर' या आत्मचरित्रात सॉफ्टवेअर व्यवसायाचे आतले वातावरणही येते. पण एकंदरीत आमचे या विषयावरील लेखन एक तर पाठ समजावून देते, नाही तर यशाचा पोवाडा गाते. ज्या भाषेत १९२० साली लोखंडी नांगर बनविणाऱ्या एका कारखान्याची 'किर्लोस्कर खबर' निघून तिचेच पुढे अव्वल दर्जाचे मासिक झाले, त्या भाषेला कारखान्याचे वावडे असावयास नको होते. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम ८०००' (१९९१) हा महासंगणक आम्ही नेहमी एकाच सुरात सांगतो: परकीयांनी नाकारले, आम्ही करून दाखविले. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिपांना एकाच गणिताचे तुकडे वाटून द्यावयाचे आणि त्या एकमेकींची वाट पाहत खोळंबणार नाहीत अशी व्यवस्था करावयाची, ही त्यातील खरी झुंज. तिचे वर्णन ठिकठिकाणच्या गौरवलेखांत एका वाक्यात उरकलेले असते.

त्याहून जुना दाखला मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचा संगणक. त्याच्या चुंबकीय स्मृतीत चाळीस बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे प्रस्तुत लेखसुद्धा त्यात पुरता बसला नसता. नळी निकामी झाली की ती हुडकून काढण्याची युक्ती कोणती होती, यंत्रावर वेळ मिळावा म्हणून गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ रांगेत कसे ताटकळत, पहिला प्रोग्रॅम चुकला तेव्हा चूक यंत्राची की माणसाची हा वाद कसा मिटला, हे सारे किडरच्या पद्धतीने सांगणारे मराठी पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही. त्या पिढीतील तंत्रज्ञांची वये आता नव्वदीच्या घरात आहेत. जबानी घ्यावयाची तर ती आधी त्यांची घ्यावी लागेल, परमवाल्यांची त्यानंतर.